दोन सीटची गाडी

तीन माणसांच्या घरात दोन सीटची गाडी आणायची, ही कल्पना ज्याच्या डोक्यात येऊ शकते अशा माणसाशी मी लग्न केलं. त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

२००३ सालचा डिसेंबर होता. मी भाकऱ्या थापत होते आणि परेश स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "लाल आहे."

"काय लाल आहे?"

"गाडी. स्पोर्ट्स कार. सातिवलीला एकाच्या गोडाउनमध्ये आहे. बोटीवरच्या कुठल्या तरी इंजिनियरने बाहेरून आणलेली. छत कापडाचं आहे, उघडतं. आणि गिअर हाताने टाकायचे. अशा गाडीची सगळी मजा गिअर टाकण्यात असते."

ही मजा त्याला मासिकातून कळली होती. तीन वर्षं तो ती मासिकं उशाशी घेऊन झोपत होता.

"सीट किती?" मी विचारलं.

"दोन."

"आणि बाबा कुठे बसणार?"

"बाबांना कुठे जायचंय?"

बाबा, म्हणजे माझे सासरे सुधाकर, त्या वेळी सहा पावलांवर गॅलरीत पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं नाही, म्हणजे त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. दोन मिनिटांनी तिकडून आवाज आला, "सूनबाई, त्याला विचार, सामानाला मागे जागा आहे का."

मी मान वळवून परेशला म्हटलं, "सामानाला जागा आहे का?"

"त्यांना सांग, थोडी आहे."

मी गॅलरीकडे तोंड करून म्हटलं, "थोडी आहे."

हे असं चालायचं आमच्याकडे. दोघांत भांडण नाही. परेश दिवाळीला वाकून नमस्कार करतो, बाबा त्याच्या डब्यात लोणचं आहे का ते उघडून बघतात. फक्त एकमेकांशी थेट बोलत नाहीत. आधी हे निरोपांचं काम माझ्या सासूबाई करायच्या. त्या गेल्या आणि त्यांच्या पाटल्या, तांब्याचा बंब आणि ही टपालखात्याची नोकरी अशा तीन गोष्टी माझ्याकडे आल्या. मी शाळेत सातवीच्या दोन तुकड्यांना भूगोल शिकवते. दिवसभर ओरडून घसा बसलेला असतो, आणि घरी आल्यावर ह्याचं त्याला आणि त्याचं ह्याला. मला ह्या नोकरीचा राजीनामा द्यायचा होता. लाल गाडी, निळी गाडी मला काही नको होतं. ह्या दोघांनी समोरासमोर बसून एकदा मोठ्याने भांडण केलं असतं तरी मी पेढे वाटले असते.

हे सुरू कसं झालं ते सासूबाईंनी मला सांगितलं होतं. बाबा तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. निम्म्याहून जास्त नोकरी वसई आगारात. पंचवीस वर्षं एकही अपघात नाही म्हणून मिळालेला बिल्ला अजून काचेच्या कपाटात आहे. परेश सतरा वर्षांचा असताना एका रविवारी बाबांना म्हणाला, मला गाडी शिकवा. बाबा म्हणाले, "स्टिअरिंगला हात लावायचा नाही. घरात एक ड्रायव्हर पुरे." कारण सांगितलं नाही. परेशने पुन्हा विचारलं नाही. मग कॉलेज कुठलं घ्यायचं तेही विचारलं नाही, नोकरी बदलली तेव्हाही विचारलं नाही, आणि असं करत करत दोघांची विचारायची सवयच मोडली.

शेवटी एकतिसाव्या वर्षी ह्याने मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं, तेही बापाला न सांगता. तिथल्या गाडीला शिक्षकाच्या पायाशी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक. पंधरा दिवस परेशने स्टिअरिंग धरलं आणि बाकी सगळं शिक्षकाच्या पायांनी केलं. लायसन्स मात्र परेशला मिळालं.

तर अशा माणसाला स्पोर्ट्स कार घ्यायची होती. मी म्हटलं, घे. तुझे साठवलेले आहेत, तुझी हौस आहे, घे. पण तीस वर्षं गिअर टाकलेला माणूस घरात बसलाय, त्याला दाखवल्याशिवाय घेऊ नकोस. तीन दिवस तो नाही म्हणाला. चौथ्या दिवशी, मी बोंबील तळत असताना, तो तयार झाला. पण अटींसकट.

"त्यांना सांग, यायचं तर या. पण माझ्या चालवण्यावर काही बोलायचं नाही. त्या माणसासमोर एसटीच्या गोष्टी काढायच्या नाहीत. हे कशाला आणि ते कशाला, असं करायचं नाही. गाडीत काही खोट दिसली तर मला बाजूला घेऊन सांगा, तेवढंच. बाकी एक अक्षर नाही."

तेल अंगावर उडत होतं. हातात झारा. मी तशीच गॅलरीच्या दारापर्यंत गेले आणि म्हटलं, "बाबा, रविवारी गाडी बघायला चला. पण तिथे काही बोलायचं नाही, असं परेश म्हणतोय."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काहीच नाही?"

"काहीच नाही," मी म्हटलं आणि पळाले, कारण मागे बोंबील करपत होते.

रविवारी आम्ही तिघं एका रिक्षात कोंबून सातिवलीला गेलो. गाडी विकणारा ज्युड नावाचा मुलगा, तिशीतला. गास गावचा, घरची केळीची आणि फुलांची वाडी, पण ह्याचा जीव गाड्यांत. "मिस्सा झाली की साडेदहाला येतो," म्हणाला होता आणि बरोबर साडेदहाला आला, अंगावर चर्चचा पांढरा शर्ट. गोडाउनचं शटर वर केलं आणि आत ती होती.

खोटं कशाला बोलू, गाडी देखणी होती. लाल, बुटकी, दोन दारांची. परेश तिच्याभोवती एक चक्कर मारून आला आणि त्याचा चेहरा बघून मला त्याचा राग धरता येईना. सतरा वर्षांचा असताना तो कसा दिसत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

"बसा, सर," ज्युड म्हणाला. "क्लच थोडा हार्ड आहे. आदत होऊन जाईल."

परेश बसला, शेजारी ज्युड. गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा गचका, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा ती कशीबशी निघाली, दुसऱ्या गिअरमध्ये फाटकापर्यंत गेली, आणि तिथे चढावर समोरून ट्रक आल्यावर परत बंद पडली. ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. ज्युडने हँडब्रेक ओढला. गोण्यांवर बसलेले दोन हमाल खो खो हसले. परेशने कशीतरी गाडी वळवली आणि पहिल्याच गिअरमध्ये, इंजिन किंचाळत, आमच्यापाशी परत आणली. त्याचे कान लाल झाले होते.

इतका वेळ बाबा पाठीमागे हात बांधून उभे होते. ओठ घट्ट मिटलेले. फक्त त्यांचा डावा पाय चपलेत हलत होता. दाबला, सोडला, पुन्हा दाबला, सोडला. तो पाय मी रोज बघते. गॅलरीत पेपर वाचतानाही त्यांचा डावा पाय असाच दोनदोनदा दाबला जातो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पायाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

परेश खाली उतरला आणि मला म्हणाला, "त्यांना विचार, चालवून बघायची आहे का."

मी विचारायच्या आत बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत लावला. आत बसले. आरसा नीट केला. ज्युड शेजारी बसल्यावर त्यांनी बोटाने डॅशबोर्डवर दोनदा टकटक केलं. ती कंडक्टरची घंटी. एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं. घरातही जेवण झालं की ते ताटाशेजारी दोनदा टकटक करून उठतात. गाडी निघाली, फाटकातून बाहेर पडली आणि हायवेच्या दिशेने दिसेनाशी झाली. गचका नाही, आवाज नाही.

आम्ही दोघं गोडाउनच्या सावलीत उभे राहिलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"हायवेला नेली वाटतं," परेश म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, "अश्लेषा, मला एक तरी गोष्ट अशी हवी होती, जी त्यांनी आधी हातात घेऊन बघितली नाही. सायकल त्यांनी बघून घेतली. फ्लॅट त्यांनी भिंती ठोकून घेतला. तुलासुद्धा आधी तेच बघून आले."

"मला ठोकून बघितलं नाही हं त्यांनी," मी म्हटलं. तो हसला नाही.

वीस मिनिटांनी गाडी परत आली. ज्युड उतरला तेव्हा त्याचा चेहरा काहीतरी विचित्र झाला होता. त्याने गिअरच्या दांड्याकडे बघितलं, मग बाबांकडे बघितलं. "अंकल," तो म्हणाला, "काय हात आहे तुमचा." बाबा काही बोलले नाहीत.

परेश मला म्हणाला, "विचार, कशी आहे."

"बाबा, कशी आहे?"

बाबांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मला काही त्रास झाला नाही." आणि हात उचलून हायवेकडे दाखवलं, मग परेशकडे, मग परत हायवेकडे.

"काय म्हणतायत?" परेशने विचारलं.

"ऊन वाढतंय, निघूया म्हणतायत," मी सांगितलं. माझं डोकं दुखायला लागलं होतं आणि मला तसंच वाटलं.

गाडी पुढच्या आठवड्यात घरी आली. सोसायटीतल्या मुलांनी तिला हात लावून लावून चमकवलं. संध्याकाळी परेश मला फिरवायला घेऊन निघाला. पहिला गिअर ठीक. दुसरा ठीक. तिसरा टाकायला गेला आणि गाडीच्या पोटातून असा आवाज आला की गोखिवऱ्याच्या नाक्यावर भाजी घेणाऱ्या बायकांनी वळून बघितलं. पत्र्यावरून खडी ओतावी तसा. परेशने दांडा सोडून दिला. पुन्हा दाबला, पुन्हा तोच आवाज. दहादा केलं असेल. दहाव्यांदा मी म्हटलं, "तिसरा गिअर घ्यायलाच हवा का? दुसरा छान आहे की."

त्यानंतर आम्ही सगळीकडे दुसऱ्या गिअरमध्ये गेलो. स्टेशनला दुसऱ्यात. माझ्या शाळेत दुसऱ्यात. इंजिन बोंबा मारतंय, आणि ती वाऱ्याच्या वेगाने धावायला बनवलेली लाल गाडी रिक्षांच्या मागे. स्टेशनबाहेरचे रिक्षावाले ओरडायचे, "साहेब, तिसरा टाका." माझ्या सातवी ब ने तिचं नाव घरघंटी ठेवलं होतं. मी वर्गात त्यांना सह्याद्रीतले घाट विचारत होते आणि मागच्या बाकावरून तोंडाने घर्रर्र असा आवाज येत होता.

सगळ्यात वाईट गोष्ट गुरुवारी झाली. सकाळी दूध आलं नाही म्हणून बाबा टेबलावरची किल्ली घेऊन खाली गेले. परेश दात घासत गॅलरीत उभा होता. गाडी फाटकातून निघाली. पहिला, दुसरा, आणि गल्ली संपायच्या आत तिसरा. काही आवाज नाही. परेश तोंडात फेस धरून तसाच उभा राहिला. बाबा दूध घेऊन परत आले, पिशवी ओट्यावर ठेवली, किल्ली जागेवर ठेवली आणि पेपर उघडला.

"गाडी मी घेतली," परेश आत येऊन मला म्हणाला, "आणि चालते त्यांना." इतक्या हळू आवाजात म्हणाला की मला त्याच्यावर चिडता येईना, आणि न चिडणं मला जड जातं.

शनिवारी आम्ही ज्युडकडे गेलो. मी भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते. पण तो बिचारा स्वतःच कानाला हात लावत होता.

"मॅडम, खरं सांगतो. तिसऱ्याचा प्रॉब्लेम होता. मी बोलणारच होतो. पण अंकलनी वीस मिनिटं चालवली, हायवेला नेली, परत आणली, एकदाही आवाज नाही. मला वाटलं, गिअर बरोबर आहे, माझाच हात खराब. मी अंकलना तीन वेळा विचारलं, काय वाटतं, काय वाटतं. ते बोललेच नाहीत. मग मी काय समजणार?"

"तुम्हाला तेव्हा सांगता आलं असतं," मी म्हटलं.

"आलं असतं," ज्युड म्हणाला. "चूक माझी पण आहे. रिपेरिंगचा अर्धा खर्च मी देतो. पण एवढा एक्सपर्ट माणूस तुम्ही बरोबर आणलात, त्याने चालवून बघितली, मला वाटलं झालं."

तिथून आम्ही गोखिवऱ्याच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने एक चक्कर मारली आणि हात पुसत सांगितलं, "तिसऱ्याची आतली पितळी रिंग झिजली. गिअर पडताना आतल्या दोन दातेरी चाकांचा वेग जुळवते ती. ह्या गाडीची इथे मिळणार नाही. बाहेरून मागवावी लागेल, चार-पाच महिने धरा."

"तोपर्यंत?" परेशने विचारलं.

"तोपर्यंत डबल क्लच मारा. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, परत दाबा, मग तिसरा टाका. वेग तुमच्या पायाने जुळवायचा. पूर्वीच्या बसना तसंच करायला लागायचं. पण वाचून येणारी गोष्ट नाही ती. शेजारी बसून कुणीतरी शिकवायला पाहिजे."

"कोण शिकवणार?"

"एसटीतला कुणी जुना ड्रायव्हर ओळखीचा असेल तर बघा," गॅरेजवाला म्हणाला.

मला हसू आलं ते आवरेना. परेश घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही, आणि दुसऱ्या गिअरमध्ये घरी यायला बराच वेळ लागतो.

घरी आल्यावर तो अंघोळीला गेला आणि मी सरळ गॅलरीत गेले. पेपर बाबांच्या हातातून काढून घेतला. हे मी आठ वर्षांत केलं नव्हतं.

"बाबा, तिसरा गिअर खराब आहे हे तुम्हाला कळलं होतं का?"

"पहिल्याच वेळी. पायाला कळतं ते."

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी त्यांची थट्टा करतेय. "तूच सांगितलंस. काही बोलायचं नाही. मी विचारलं, काहीच नाही? तू म्हणालीस, काहीच नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "तरी मी हाताने दाखवलं. म्हटलं, त्याने स्वतः हायवेला नेऊन बघावी, म्हणजे त्याचं त्याला कळेल. तुम्ही रिक्षाच बोलावलीत."

मला बसावंसं वाटलं. गॅलरीच्या कोपऱ्यात सासूबाईंचा बंब होता, त्यावरच मी बसले.

पंधरा दिवस मी ह्या दोघांवर मनातून ओरडत होते. एक हट्टी आहे आणि दुसरा मुका आहे, असं शाळेतल्या बायकांना सांगून त्यांची सहानुभूती मिळवत होते. आणि परेशच्या निरोपातलं जे एक वाक्य कामाचं होतं, तेवढंच मी तेलाच्या धुरात गाळून टाकलं होतं.

"वाईट वाटलं मला," बाबा म्हणाले. पेपर हातात नसल्यामुळे त्यांना बघायला जागा उरली नव्हती. "तीस वर्षं माझ्या डोक्यावर पाटी होती, चालकाशी बोलू नये. वाटलं, आता चालकाने पण बोलायचं नाही. ठीक आहे. त्याचं खरं आहे. मीच तेव्हा त्याला नाही शिकवलं. शिकवलं असतं तर तो एसटीतच आला असता. हातात स्टिअरिंग आलं की माणूस दुसरं काही बघत नाही, मी पण नाही बघितलं. रात्री मुक्कामाला कुठल्या तरी गावात, गाडीच्या टपावर झोपायचं. तो चालायला लागला तेव्हा मी इथे नव्हतो. त्याचं तसं व्हायला नको होतं मला." त्यांनी घसा साफ केला. "हे त्याला जमलं तर सांग. सावकाश. तुझ्या पद्धतीने."

माझी पद्धत काय आहे ते आता मला चांगलं कळलं होतं.

"नाही सांगणार," मी म्हटलं. "बाबा, मी ह्यातलं एक अक्षर त्याला सांगणार नाही. मी ह्या कामाला लायक नाही. आजपासून बंद."

रात्रीपर्यंत थांबले नाही. परेश केस पुसत बाहेर आला, त्यालाही सांगून टाकलं. काय निरोप दिला होता आणि मी तो किती छाटला. 

"अश्लेषा, चार-पाच वाक्यं होती फक्त."

"तेल उडत होतं."

"खोट दिसली तर सांगा, हेच तर मुख्य होतं त्यातलं."

"मुख्य होतं ना?" मी म्हटलं. माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "मग मुख्य वाक्य तरी स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतंस. सहा पावलं आहेत गॅलरी. तुझा बाप आहे तो, परदेशातला पार्ट नाही."

गॅलरीत बाबांना हे सगळं ऐकू जात होतं. त्यांच्याकडे उलटायला पानही नव्हतं, कारण पेपर माझ्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी साडेसहाला मी दोघांना उठवलं, चहा दिला आणि खाली आणलं. सोसायटीसमोरचा रस्ता सरळ आहे आणि त्या वेळी तिथे कुत्र्यांशिवाय कुणी नसतं. परेशला मी स्टिअरिंगसमोर बसवलं. बाबांसाठी दुसरं दार उघडलं. थंडी होती, तरी छत मागे करून ठेवलं होतं, कारण दोघांपैकी कुणी कुढत बसलं तर मला बाहेरून दिसायला हवं होतं.

परेश सवयीने माझ्याकडे वळला. "बाबांना सांग, आधी मी..."

"सीट दोनच आहेत," मी म्हटलं. "तूच पसंत केलीस. मला बसायला जागा नाही."

बाबा पण माझ्याकडे बघत होते. दोघंही माझ्याकडे बघत होते, खूप वर्षांच्या सवयीने, आणि एक क्षण मला वाटलं की आपण फार कठोर वागतोय. सासूबाईंनी असं केलं नसतं. त्यांनी मागच्या सामानाच्या जागेत बसून निरोप दिले असते. मी गाडीच्या मागे गेले आणि डिकीवर दोनदा टकटक केलं.

बाबांचं डोकं आपोआप समोर वळलं. घंटी ती घंटी.

गाडीने गचका खाल्ला आणि निघाली. पहिला. दुसरा. मग ती खडी ओतल्यासारखी घरघर, आणि दुसऱ्या मजल्यावर कुणाची तरी खिडकी उघडली. गाडी थांबली. बाबांचा आवाज आला, जरा मोठा, इंजिनवरून ऐकू जाईल असा, "दाब. न्यूट्रल. सोड. सोड म्हणतो ना. आता परत दाब." परत घरघर. "पाय का घाबरतोय तुझा?" आणि परेशचा आवाज, तोही मोठा, "तुम्ही एकाच दमात सगळं सांगू नका ना, बाबा." बाबा. मी त्याच्या तोंडून हे सरळ त्यांनाच म्हटलेलं पहिल्यांदा ऐकत होते.

ते रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. मी फाटकाशी हाताची घडी घालून उभी होते. माझ्यासमोरून जाताना दोघांपैकी एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. चौथ्या फेरीला घरघर अर्धीच झाली. सहाव्या फेरीला झालीच नाही. गाडी नुसती पुढे सरकली आणि वेगात निघून गेली, आणि थोडं पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला थांबली. परेशने इंजिन बंद केलं. त्या शांततेत त्याने विचारलेलं मला इथपर्यंत ऐकू आलं, कारण तो अजून इंजिनवरून बोलायच्याच आवाजात बोलत होता.

"मग तेव्हा का नाही शिकवलंत मला?"

मला त्याचं उत्तर माहीत होतं. कालच मला ते सोपवलेलं होतं. मी जाऊन सांगू शकले असते, ह्या वेळी न छाटता, शब्दन् शब्द. मी वळले आणि जिना चढून वर आले. गॅलरीतून बघितलं तर गाडी तिथेच होती, दोन डोकी एकमेकांकडे वळलेली, आणि बाबांचा हात हवेत काहीतरी समजावत होता. बराच वेळ ते बोलत होते. परेशने मध्येच हाताच्या मागच्या बाजूने तोंड पुसलं.

साडेआठला दोघं वर आले. दोघांनीही चहा मागितला. बाबा परेशला म्हणाले, "साखर कमी घाल तुझ्यात, पोट सुटलंय." परेश त्यांना म्हणाला, "तुम्ही तुमचं बघा." मी मध्ये उभी होते आणि कुणी मला काही सांगायला सांगितलं नाही.

रस्त्याच्या कडेला बाबांनी त्याला नेमकं काय सांगितलं, सगळं सांगितलं की काही गाळलं, ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.